वऱ्हाडातील उपाशी मूल

ज्युबिलीच्या या आनंदात आम्हांस एका जुन्या दुःखाचे स्मरण होते. वऱ्हाड कापसाचा सधन मुलूख खरा. पण कापूस खाता येत नाही! इ. स. १८९९ साली पावसाने दगा दिला, ज्वारी बुडाली. अकोला-बडनेऱ्यावरून आगगाडी धावत होती, तीतून धान्यही येई. मजुराच्या हाती मात्र ते घेण्यास पैसा नव्हता. आईबाप गेले, मुले उघडी पडली. १८८७ साली स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांताच्या मिशनांनी अशी अनाथ मुले पदराखाली घेतली. हे काम वाटते तितके सोपे नव्हे. फार दिवसांच्या उपाशी मुलास एकदम पोटभर वाढले तर ते दगावते; पातळ पेज थोडीथोडी, रात्रीही उठून पाजावी लागते.

१९५५ साली अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याच सुमारास कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेसमार्फत अमेरिकेची दुधाची भुकटी हिंदुस्थानातील मिशनांत येऊ लागली होती. अस्वच्छ पाण्यात कालवलेले तेच दूध मुलास हगवण लावी. म्हणून भुकटीहून पाणी उकळण्याची शिकवण आम्ही मोलाची मानतो.

१९९३ साली मेळघाटातील कोरकू बालकांचे मृत्यू वृत्तपत्रांतून गाजले, तेव्हा आम्हांस मान खाली घालावी लागली. धारणी व चिखलदरा हे तालुके आमच्याच धर्मप्रांताच्या सीमेत येतात.