परदेशात महागड्या घड्याळांची खरेदी : नवे, जुने आणि त्यांची कागदपत्रे

नोकरी-व्यवसायानिमित्त आखाती देश, युरोप, सिंगापूर अथवा जपानमध्ये राहणारे अनेक भारतीय आपल्या बचतीतून एखादे उंची स्विस वा जपानी घड्याळ विकत घेतात. कोणी नोकरीतील पहिल्या मोठ्या बढतीची आठवण म्हणून, कोणी मुलाच्या लग्नासाठी, तर कोणी मायदेशी परतताना वडिलांना भेट देण्यासाठी. अशा घड्याळाची किंमत काही लाख रुपयांच्या घरात जाते. मात्र ते अस्सल आहे का, त्याची हमी कोण देणार, कर किती आणि भारतात आणताना काय करावे, या प्रश्नांची उत्तरे खरेदीनंतर शोधली जातात. या सर्व प्रश्नांचे मूळ एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे घड्याळासोबतची कागदपत्रे. त्यासंबंधीची ही माहिती.

पार्श्वभूमी

परदेशी घड्याळाचे आकर्षण भारताला नवे नाही. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध असताना परदेशी घड्याळे चोरट्या मार्गाने देशात येत असत. बेंगळुरू येथे जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने १९६१ मध्ये मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले आणि सर्वसामान्यांना देशी घड्याळ मिळू लागले. एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला.

त्या काळातील तस्करीची खूण कायद्यात आजही शिल्लक आहे. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १२३ मध्ये सोन्याबरोबर घड्याळांचा स्पष्ट उल्लेख आहे. एखादे घड्याळ तस्करीचे असल्याच्या रास्त समजुतीने जप्त झाल्यास, ते तस्करीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्या ताब्यात ते सापडले त्याच्यावर येते. पावती जपून ठेवण्याचे महत्त्व एवढ्या एका तरतुदीवरूनही लक्षात येईल.

नवे घड्याळ : अधिकृत विक्रेता आणि समांतर बाजार

नवे घड्याळ दोन मार्गांनी मिळते. पहिला मार्ग कंपनीने नेमलेल्या अधिकृत विक्रेत्याचा. येथे हमीपत्रावर घड्याळाचा अनुक्रमांक आणि विक्रीची तारीख नोंदवली जाते व हमीचा काळ त्या दिवसापासून सुरू होतो. रोलेक्सने २०१५ मध्ये आणि ओमेगाने २०१८ मध्ये आपल्या घड्याळांची हमी पाच वर्षांची केली. ही हमी आंतरराष्ट्रीय असल्याने दुबईत घेतलेल्या घड्याळाची दुरुस्ती मुंबईतील अधिकृत सेवा केंद्रातही होऊ शकते.

मात्र काही ठरावीक पोलादी मॉडेलना मागणी इतकी असते की अधिकृत दुकानात नाव नोंदवून दीर्घकाळ थांबावे लागते. त्यामुळे अनेक ग्राहक दुसऱ्या मार्गाकडे, म्हणजे समांतर बाजाराकडे वळतात. येथील घड्याळ अस्सल आणि न वापरलेले असू शकते. परंतु विक्रेत्याचा कंपनीशी करार नसतो. ज्या मॉडेलना मागणी कमी आहे ती येथे छापील किमतीपेक्षा स्वस्त मिळतात आणि ज्यांना मागणी जास्त आहे ती महाग. हमीपत्रावर तारीख नसणे, ती कित्येक महिने आधीची असणे, किंवा कंपनीऐवजी दुकानदाराने स्वतःची हमी देणे हे प्रकार येथे आढळतात. किमतीतील सूट पाहताना हमीचा किती काळ शिल्लक आहे आणि ती कोणाची आहे, हे आधी पाहणे हिताचे ठरते.

तबकडीवरील अक्षरांचा अर्थ

तबकडीच्या तळाशी छापलेल्या ‘स्विस मेड’ या शब्दांना कायद्याचा आधार आहे. यासंबंधीचा अध्यादेश १९७१ चा असून २०१७ पासून त्याचे निकष अधिक कडक झाले. त्यानुसार घड्याळाच्या उत्पादनखर्चापैकी किमान ६० टक्के खर्च स्वित्झर्लंडमध्ये झालेला असावा लागतो. आतील यंत्र स्विस असणे, ते डबीत बसविण्याचे काम आणि उत्पादकाची अंतिम तपासणी स्वित्झर्लंडमध्येच होणे हेही बंधनकारक आहे. याचा अर्थ प्रत्येक सुटा भाग तेथेच तयार झाला असा होत नाही.

‘क्रोनोमीटर’ हा शब्द अचूकतेशी संबंधित आहे. १९७३ मध्ये स्थापन झालेली सीओएससी ही स्विस संस्था यंत्राची १५ दिवस वेगवेगळ्या स्थितींत आणि तापमानांत चाचणी घेते. सर्वसाधारण मनगटी घड्याळाच्या यांत्रिक यंत्राला दिवसाकाठी सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढीच मुभा असते. क्वार्ट्झचे साधे घड्याळही याहून अचूक चालते. यांत्रिक घड्याळाची किंमत अचूकतेपेक्षा कारागिरीसाठी आणि नाममुद्रेसाठी मोजली जाते, याची जाणीव ग्राहकाने ठेवलेली बरी.

जुने घड्याळ : काय तपासावे

वापरलेल्या घड्याळांचा बाजार गेल्या दशकात मोठ्या प्रमाणावर संघटित झाला आहे. रोलेक्सने डिसेंबर २०२२ मध्ये युरोपातील बुखरर या विक्रेत्यामार्फत कंपनीने तपासून प्रमाणित केलेली जुनी घड्याळे दोन वर्षांच्या हमीसह विकण्यास प्रारंभ केला. हीच योजना पुढे इतर देशांतील निवडक अधिकृत विक्रेत्यांकडेही आली. येथे किंमत अधिक असते, पण अस्सलपणाची जबाबदारी कंपनी घेते.

खुल्या बाजारात धोका तीन प्रकारचा असतो. पहिला, संपूर्ण नकली घड्याळ. आजच्या नकला इतक्या सफाईदार असतात की नुसत्या डोळ्यांनी फरक कळणे कठीण असते. त्यासाठी मागील झाकण उघडून यंत्र पाहावे लागते. दुसरा, जोडघड्याळ. यात डबी एका घड्याळाची, तबकडी दुसऱ्याची आणि काटे तिसऱ्याचे असतात. सर्व भाग अस्सल असूनही असे घड्याळ कारखान्यातून कधीच बाहेर पडलेले नसते. तिसरा, मूळ स्वरूप बिघडवलेले घड्याळ. वारंवार पॉलिश केल्याने डबीच्या कडा गोल होतात, तबकडी नव्याने रंगवली जाते किंवा बाहेरचे हिरे बसविले जातात. अशा घड्याळाची किंमत मूळ घड्याळापेक्षा बरीच कमी होते आणि कंपनीचे सेवा केंद्र ते दुरुस्तीसाठी नाकारू शकते.

तबकडी रंगविण्याच्या प्रकाराशी मुंबईचे नाव जोडले गेले आहे. जुन्या एचएमटी अथवा स्विस घड्याळांची डबी पॉलिश करून, तबकडी भडक रंगात नव्याने छापून ती परदेशी ग्राहकांना विकली जातात. जगभरातील संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखतात. लंडन किंवा टोरोंटोत बसून आजोबांच्या मनगटावरचे घड्याळ संकेतस्थळावर शोधणाऱ्या मराठी ग्राहकाने, पन्नास-साठ वर्षे जुनी तबकडी नव्यासारखी चकाकत असेल तर ती संशयाची खूण मानावी.

खरेदीपूर्वी डबीवरील अनुक्रमांक आणि हमीपत्रावरील क्रमांक जुळतो का, मॉडेल क्रमांकाशी तबकडी आणि काटे सुसंगत आहेत का, याआधी दुरुस्ती कोठे व केव्हा झाली, हे पाहावे. यांत्रिक घड्याळाची काही वर्षांच्या अंतराने पूर्ण सफाई व तेलपाणी करावे लागते. अलीकडे ती झाली नसल्यास तो खर्च किमतीत धरावा. पाटेक फिलिपसारख्या कंपन्या जुन्या घड्याळांसाठी आपल्या दप्तरातील नोंदीचा उतारा शुल्क घेऊन देतात. त्यावर उत्पादनाचे आणि पहिल्या विक्रीचे तपशील असतात.

घड्याळ अस्सल असले तरी ते चोरीचे असू शकते. लंडनमधील वॉच रजिस्टर ही संस्था हरवलेल्या व चोरीच्या घड्याळांची अनुक्रमांकानुसार नोंद ठेवते. रिशमाँ या स्विस समूहानेही २०२३ मध्ये एन्क्विरस नावाची अशीच विनामूल्य सेवा सुरू केली. पैसे देण्यापूर्वी अनुक्रमांक तेथे तपासून घेता येतो. चोरीची वस्तू नकळत विकत घेतली तरी ती मूळ मालकाला परत करावी लागण्याची शक्यता असते.

विक्रेता कोण, याला महत्त्व

व्यापाऱ्याकडून घेणे आणि खासगी व्यक्तीकडून घेणे यांत कायदेशीर फरक मोठा आहे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार व्यापाऱ्याने विकलेली जुनी वस्तूही वर्णनाप्रमाणे असावी लागते. तशी नसल्यास ३० दिवसांत ती परत करून पैसे मागता येतात. युरोपीय संघात व्यापाऱ्याकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू साधारणतः १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. जपानमध्ये जुन्या वस्तूंच्या व्यापारासाठी १९४९ च्या कायद्यान्वये परवाना आवश्यक असून, वस्तू विकायला आणणाऱ्याची ओळख तपासण्याचे बंधन व्यापाऱ्यावर आहे. टोकियोतील नाकानो ब्रॉडवेसारख्या बाजारांतील जुन्या घड्याळांना विश्वासार्हतेचा लौकिक मिळण्यात या शिस्तीचा वाटा आहे.

याउलट, वाहनतळावर अथवा उपाहारगृहात भेटून रोखीने केलेल्या व्यवहारात यांपैकी फारसे संरक्षण उरत नाही. पैसे बँकेमार्फत अथवा कार्डाने द्यावेत आणि पावतीवर मॉडेल व अनुक्रमांक लिहून घ्यावा.

कर : पर्यटक आणि रहिवासी

विमानतळावर कर परत मिळतो, हा समज अर्धवट खरा आहे. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर लागू आहे. त्याच्या परताव्याची योजना पर्यटकांसाठी आहे, तेथील रहिवाशांसाठी नाही. सिंगापूरमध्ये २०२४ पासून ९ टक्के वस्तू व सेवा कर आणि स्वित्झर्लंडमध्ये त्याच वर्षापासून ८.१ टक्के मूल्यवर्धित कर आहे. तेथेही परतावा बाहेरून आलेल्यांनाच मिळतो. ब्रिटनने पर्यटकांना दुकानात करपरतावा देण्याची योजना २०२० च्या अखेरीस बंद केली. हाँगकाँगमध्ये विक्रीकर नाही.

दुबईत राहणाऱ्या मुलाकडे पुण्याहून आई आली आणि तिच्या नावे घड्याळ घेऊन करपरतावा मिळवला, तर ते घड्याळ तिच्याबरोबर देशाबाहेर जाणे आवश्यक असते. त्यानंतर भारतात उतरताना त्याची नोंद करणे ही तिची जबाबदारी ठरते. दुसऱ्या देशातून टपालाने घड्याळ मागविल्यासही आयातकर लागतो. टोकियोहून लंडनला आलेल्या घड्याळावर ब्रिटनचा २० टक्के मूल्यवर्धित कर आकारला जातो.

भारतात आणताना

सीमाशुल्क कायद्याच्या कलम ७७ नुसार प्रवाशाने आपल्या सामानातील वस्तू जाहीर करणे बंधनकारक आहे. २०१६ च्या बॅगेज नियमांत नेपाळ, भूतान आणि म्यानमार वगळता इतर देशांतून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला ५० हजार रुपयांपर्यंतच्या वस्तूंवर सूट होती. २०२६ च्या फेब्रुवारीत लागू झालेल्या नव्या नियमांनी ही मर्यादा ७५ हजार रुपये केली. दोन प्रवाशांच्या सवलती एकाच वस्तूसाठी एकत्र करता येत नाहीत.

मर्यादेपलीकडील मूल्यावर शुल्क लागते. २०१६ च्या नियमांच्या काळात अधिभारासह हा दर ३८.५ टक्के होता. त्या हिशेबाने ५ लाखांच्या घड्याळावर ५० हजार वजा जाता साडेचार लाखांवर १ लाख ७३ हजार २५० रुपये शुल्क होत असे. दर अर्थसंकल्पात बदलू शकतात. त्यामुळे प्रवासापूर्वी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा दर पाहणे आवश्यक आहे.

शुल्क भरण्याजोगी वस्तू असल्यास विमानतळावर रेड चॅनेलने जावे. घड्याळ मनगटावर आहे, म्हणून ते आपोआप शुल्कमुक्त ठरते असे नाही. जाहीर न केलेले घड्याळ जप्त होऊ शकते. ते सोडविण्यासाठी शुल्काव्यतिरिक्त दंडही भरावा लागतो. भारतातून जाताना महागडे घड्याळ सोबत नेणाऱ्यांनी प्रस्थानाच्या वेळी सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. परतताना ते घड्याळ आपलेच आणि आधीचेच असल्याचा तो पुरावा असतो. कुरियरने भेट म्हणून पाठविण्याच्या मार्गालाही आता सवलत नाही. राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता भेटवस्तूंची शुल्कमुक्त आयात डिसेंबर २०१९ मध्ये बंद करण्यात आली.

मगरीच्या कातड्याच्या पट्ट्याबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. अशा कातड्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर साइट्स या करारानुसार नियंत्रण आहे आणि भारत १९७६ पासून त्यात सहभागी आहे. साध्या चामड्याचा किंवा धातूचा पट्टा बसवून घेणे सोयीचे ठरते.

किमतीतील तफावत आणि गुंतवणूक

परदेशातील खरेदी स्वस्त पडते, हे गणितही बदलत आहे. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार देशांचा ईएफटीए गट यांच्यातील व्यापार करार १० मार्च २०२४ रोजी झाला व १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार स्विस घड्याळांवरील आयातशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने काढले जाणार आहे. त्यामुळे भारतातील अधिकृत दुकानातील किंमत आधी विचारून मगच तुलना करावी.

घड्याळाकडे गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्यांसाठी अलीकडचा अनुभव बोलका आहे. अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. अशा बातम्यांनी आणि करोनाकाळातील तेजीने जुन्या घड्याळांचे भाव २०२२ च्या प्रारंभी शिखराला पोहोचले. त्यानंतर ते झपाट्याने उतरले. त्या वेळी चढ्या भावाने घेणाऱ्या अनेकांना खरेदीची रक्कम परत मिळणे अवघड झाले. विक्रीच्या वेळी दलाली आणि दुरुस्तीचा खर्चही वजा होतो.

थोडक्यात

मूळ पावती, हमीपत्र, दुरुस्तीच्या नोंदी, करपरताव्याचे कागद आणि सीमाशुल्क भरल्याची पावती एका ठिकाणी ठेवावी व त्यांच्या प्रती वेगळ्या जपाव्यात. घड्याळाचा विमा उतरविताना, ते विकताना किंवा पुढील पिढीला देताना याच कागदांची विचारणा होते. ते नसतील तर अस्सल घड्याळाचीही किंमत घटते आणि कष्टाच्या कमाईतून घेतलेल्या वस्तूची मालकी सिद्ध करण्याची वेळ येऊ शकते.