महाराष्ट्र निसर्ग उद्यान (माहीम)

मुंबईत मिठी नदीच्या दक्षिण काठावर, एका अंगाला धारावी आणि नदीपलीकडे वांद्रे–कुर्ला संकुल अशा जागी माणसांनी लावून वाढवलेले वन. क्षेत्रफळ ३७ एकर, म्हणजे सुमारे १५ हेक्टर. प्रवेशद्वार सायन–वांद्रे लिंक रोडवर, बेस्टच्या धारावी आगारासमोर आहे. लोकांच्या तोंडी त्याचे नाव ‘माहीम नेचर पार्क’ असेच आहे. माहीम स्टेशनवर उतरून ‘इथेच कुठेतरी असेल’ म्हणणारा मात्र हमखास चुकतो. माहीमचे नाव त्याला माहीमच्या खाडीवरून मिळाले. जागा धारावीची आहे. दादरहून जायचे तर मध्य रेल्वेने माटुंग्यानंतरचे शीव स्टेशन सोयीचे. तिथून बसने किंवा रिक्षाने थोडक्या वेळात पोचता येते. चालत गेल्यास धारावीची सगळी गजबज ओलांडून फाटकाशी यावे लागते, आणि आत शिरल्यावर झाडांची गार सावली अंगावर आल्याचे लगेच जाणवते.

उद्यानाची जागा पूर्वी महापालिकेच्या कचऱ्याची होती. खाडीकाठच्या खाजणात शहराचा कचरा वर्षानुवर्षे ओतला जात होता. १९७७ च्या सुमारास ही कचराभूमी बंद झाली. तिचे वन करावे ही कल्पना जागतिक वन्यजीव निधीच्या भारतातील शाखेने मांडली आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती उचलून धरली. पहिली रोपे १९८३ मध्ये लागली. त्या लागवडीचा आरंभ पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते झाला. तेव्हा त्यांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे गेले होते. जो मुलगा एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीच्या कुतूहलापोटी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा जिना चढला, तो गिरगावालगतच्या खेतवाडीत वाढलेला होता. त्याच खेतवाडीकराने उतारवयात शहराच्या दुसऱ्या टोकाला, कचऱ्याच्या ढिगावर झाड लावले. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. उद्यान लोकांसाठी खुले झाले ते २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी. त्यामुळे इथली सावली त्यांना पाहायला मिळाली नाही. मधल्या काळात, १९९१ मध्ये, ही जमीन संरक्षित वन म्हणून जाहीर झाली होती.

कचऱ्यावर झाड लावणे हे माळावर झाड लावण्यापेक्षा फार अवघड काम असते. कचऱ्याच्या ढिगाला माती नसते. खालचा ओला कचरा हवेविना कुजत राहतो आणि त्यातून मिथेन व कार्बन डायऑक्साइड वर येतात. मुळांभोवतीचा प्राणवायू त्यामुळे हटतो आणि रोप तहानेने नव्हे, तर गुदमरून मरते. ढीग आतून तापतो. कुजता कुजता तो खचत जातो, त्यामुळे एखादे वर्ष नीट उभे राहिलेले झाड पुढच्या वर्षी कलते. शिवाय ही जागा खाडीकाठची, म्हणजे खाली खारे पाणी. यावर उपाय म्हणजे वर मातीचा थर द्यायचा, खताची सोबत द्यायची, काटक झाडे आधी लावायची, त्यांचा पालापाचोळा पडू द्यायचा आणि वाट पाहायची. इथली आजची काळी, भुसभुशीत माती अशा वाट पाहण्यातून तयार झाली आहे. पावसाळ्यात वाटेच्या कडेला ओंजळभर पाचोळा उचलून पाहावा. वरची पाने कोरडी, त्याखालची ओली आणि जाळी पडलेली, त्याखाली पांढरे बुरशीचे तंतू, आणि तळाशी पान की माती हे सांगता येणार नाही असा भुगा. ही प्रक्रिया ज्याला शिकायची त्याने पुस्तकापेक्षा इथे यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वाटा फार लांब नाहीत. कुठे फरसबंद तर कुठे मातीच्या, त्या एकमेकींना फिरून भेटतात. सह्याद्रीत डोंगर चढण्याची सवय असलेल्याला इथले अंतर किरकोळ वाटेल. पण ही जागा थांबत थांबत चालण्याची आहे. वड, पिंपळ, उंबर, करंज, बहावा, बांबू अशी ओळखीची झाडे भेटतात, आणि नावाच्या पाट्यांमुळे अनोळखी झाडांशीही ओळख होते. कढीपत्त्याच्या झाडाशी थोडे रेंगाळावे. पानावर पक्ष्याची विष्ठा पडलेली दिसली तर बोट लावण्याआधी नीट पाहावे. ती पाकोळी कुळातील फुलपाखराची लहानगी अळी असू शकते. शत्रूने टाळावे म्हणून तिने ते रूप घेतलेले असते. मोठी झाली की ती हिरवी होते आणि पानात मिसळून जाते. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून २०१५ मध्ये मान मिळालेले निळे-काळे, तळहाताएवढे नीलवंतही याच कुळातले. लिंबू वर्गातली झाडे लावली की ही मंडळी आपणहून येतात, त्यांना बोलवावे लागत नाही. उद्यानात फुलपाखरांच्या अनेक जातींची आणि शंभराहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. सकाळी बुलबुल, दयाळ, शिंपी यांचे आवाज झाडीत ऐकू येतात. दुपारच्या उन्हात तांबट पक्षी तांब्याच्या भांड्यावर ठोके घातल्यासारखा एकसुरी बोलत राहतो. हळद्या दिसण्याआधी त्याचा पिवळा रंग दिसतो.

शैक्षणिक केंद्राची इमारत, सभागृह, रोपवाटिका आणि पावसाचे पाणी साठवणारे तळे या उद्यानाच्या जमेच्या बाजू आहेत. छपरावरचे व आवारातले पाणी गटारात न सोडता तळ्यात आणायचे आणि उन्हाळ्यात झाडांना द्यायचे, ही साधी व्यवस्था पर्जन्यजलसंधारण हा शब्द शहरात रुळण्याच्या आधीपासून इथे आहे. कामकाज महाराष्ट्र निसर्ग उद्यान सोसायटी पाहते. शाळांच्या सहली इथे नित्य येतात. चाळीत किंवा झोपडपट्टीत वाढणाऱ्या मुलाला सुगरणीचे घरटे, मुंग्यांची रांग आणि खेकड्याचे बीळ एका सकाळी पाहायला मिळते, हे मोठे काम आहे. लगतच्या धारावीत हाताएवढी मोकळी जागाही दुर्मिळ असते. हे ध्यानात घेतले की ३७ एकरांची किंमत निराळ्या मापाने मोजावी लागते.

उद्यानाची एक कड मिठी नदीला लागून आहे, आणि सर्वांत गांभीर्याने पाहावे असे तिथेच आहे. मिठी ही विहार व पवई तलावांच्या सांडव्याच्या पाण्यातून निघते, साकीनाका, कुर्ला, कलिना या भागांतून सुमारे १८ किलोमीटर वाहत येऊन माहीमच्या खाडीत अरबी समुद्राला मिळते. विमानतळासाठी तिचा प्रवाह वळवला गेला, वांद्रे–कुर्ला संकुलाच्या भरावाने तिचे मुख आक्रसले, आणि कारखाने व वस्त्यांचे सांडपाणी तिच्यात सोडले गेले. धारावी कोळीवाड्याने एके काळी याच खाडीत मासेमारी केली. आज तिथल्या पाण्यावर उदरनिर्वाह होत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि भरतीच्या वेळी मिठीला समुद्रात उतरायला वाट राहिली नाही. त्या दिवशी शहराला आपल्याला नदी आहे हे कळले. त्याच वर्षी मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. कांदळवन तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाचा बंदीचा आदेशही २००५ चाच.

या काठावर आज कांदळवन उभे आहे, मुख्यतः तिवराचे. ओहोटीला पाणी हटले की चिखलातून पेन्सिलीसारखी हजारो टोके वर आलेली दिसतात. ती तिवराची श्वसनमुळे होत. चिखलात हवा नसते, म्हणून झाड श्वास घेण्यासाठी मुळे उभी वर पाठवते. भरतीत ही टोके बुडतात, ओहोटीत उघडी पडतात. त्यांच्यात प्लास्टिकच्या पिशव्या अडकून बसतात. झाडांच्या फांद्यांवर लोंबणाऱ्या चिंध्या पाहिल्या की मोठ्या भरतीचे पाणी कुठवर चढले होते ते कळते. तरी त्याच चिखलात वंचक मान आत ओढून टपून बसलेला असतो, बगळे पावले मोजत चालतात, पाणकावळा पंख पसरून वाळवत बसतो आणि खंड्याची निळी रेघ पाण्यावरून जाते. समोर, नदीपलीकडे, काचेच्या इमारती उभ्या असतात. अलीकडे धारावी आणि वांद्रे–कुर्ला संकुल यांच्या दरम्यान भुयारी मेट्रोही मिठीच्या पात्राखालून धावू लागली. प्रवाशाला वर नदी आहे याचा पत्ता नसतो.

उद्यानाच्या भवितव्याविषयी चिंता वारंवार उद्भवली आहे. धारावीच्या पुनर्विकासात ही जागाही धरली जाणार का, असा प्रश्न उठला आणि पर्यावरणवाद्यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. उद्यान पुनर्विकास प्रकल्पाचा भाग नाही, असे २०२३ मध्ये न्यायालयापुढे सांगण्यात आले. ही चिंता अवास्तव नव्हती, हे गिरणगावच्या माणसाला सांगावे लागत नाही. १९८२ साली सुरू झालेला गिरणी संप चिघळत होता, त्याच दिवसांत इथे पहिली रोपे लागली. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी राखायचा ठरवला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती आकुंचित केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती दुरुस्ती कायम ठेवली. परळ–लालबागच्या वाट्याला येऊ शकणारी बरीच हिरवळ अशी कागदावरच राहिली. कचराभूमीचे वन झाले आणि गिरण्यांच्या आवारांत मनोरे उभे राहिले; दोन्ही घडामोडी एकाच पिढीतल्या आहेत, आणि त्या शेजारीशेजारी मांडल्याशिवाय या उद्यानाचे महत्त्व पुरते समजत नाही.

दक्षिण व मध्य मुंबईत चालायला जाणाऱ्यांना अन्य जागा आहेत. शिवाजी पार्कचा कट्टा व त्याभोवतीची फेरी, दादर पारशी कॉलनीची पाच उद्याने, गिरगाव चौपाटीहून मलबार हिलवर चढणारी वाट या परिचित आहेत. मलबार हिलच्या झाडीतून जाणारी उंच लाकडी पायवाट मार्च २०२५ मध्ये खुली झाली. तिची लांबी सुमारे ४८० मीटर. मात्र नदी, कांदळवन आणि लावून वाढवलेले वन तिन्ही एका फेरीत दिसतील अशी या परिसरातली जागा निसर्ग उद्यानाचीच.

उद्यानाच्या आसपासचे दोन किल्ले जोडून पाहावेत. धारावीतल्या काळ्या किल्ल्यावर १७३७ सालचा, गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या नावाचा शिलालेख आहे. घरांच्या दाटीत तो शोधत जावा लागतो. स्थानिकांना विचारावे, ते आपुलकीने दाखवतात. दुसरा शीवच्या टेकडीवरचा. सतराव्या शतकात इंग्रजांच्या ताब्यातले परळ बेट आणि पोर्तुगिजांची साष्टी यांच्या सीमेवर तो बांधला गेला. ‘शीव’ म्हणजे वेस, आणि गावाचे नाव त्यावरूनच पडले. पायथ्याच्या बागेतून पायऱ्या चढून दहा-पंधरा मिनिटांत माथ्यावर पोचता येते. निसर्ग उद्यानाला सकाळी जावे, प्रवेशशुल्क माफक आहे. स्थलांतरित पक्ष्यांसाठी ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला, फुलपाखरांसाठी पावसाळा सरतानाचा. नदीकाठ पाहायचा तर निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ पाहून घ्यावी. पाणी चढलेले असेल तर श्वसनमुळे बुडालेली असतात आणि चिखलातले पक्षी झाडांवर गेलेले असतात.