वेळ, घोड आणि भीमा: बर्फाविना नद्यांचा इतिहास

पाणी कोठून येते यावरून नद्यांचा विचार केला, तर भारतातील मोठ्या नद्यांचे दोन कुळांत विभाजन होते. सिंधू, गंगा, यमुना यांच्या शिरोभागी हिमनद्या आहेत. हिमनदी म्हणजे वर्षानुवर्षे साचून स्वतःच्याच भाराने घट्ट झालेला आणि उतारावरून अत्यंत सावकाश सरकणारा बर्फाचा प्रवाह, जो हिवाळ्यात पाणी धरून ठेवतो आणि उन्हाळ्यात, खालच्या मैदानाला त्याची सर्वाधिक निकड असताना, ते सोडतो. सह्याद्रीच्या नद्यांना असे कोठार लाभलेले नाही. शिरूर तालुक्यातील वेळ नदीच्या काठचे तळेगाव ढमढेरे आणि त्याच्या भोवतीचा घोड-भीमेमधला प्रदेश यांच्या इतिहासातील बऱ्याच गोष्टींचा उलगडा या एका अभावातून होतो.

भीमा भीमाशंकरजवळ सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते. अरबी समुद्र तेथून जवळ असूनही ती पूर्वेकडे वळते आणि कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराला मिळते. घोड नदी तिच्या उत्तरेस आहुप्याजवळ उगम पावते. वेळ या दोहोंच्या मानाने लहान असून ती खेड तालुक्यातील सह्याद्रीच्या एका फाट्यावर जन्म घेते आणि भीमेला जवळजवळ समांतर वाहत, 60 ते 65 किलोमीटरांच्या प्रवासानंतर, तळेगाव ढमढेऱ्याच्या परिसरात तिच्या डाव्या तीराला मिळते. हा फरक केवळ लांबीचा नाही. भीमा आणि घोड यांचे उगम धो धो पावसाच्या घाटमाथ्यावर असल्याने खाली पाऊस नसतानाही त्यांना पूर येतो. वेळेचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे जेथे पडलेला पाऊस वाहत येऊन तिला मिळतो तो प्रदेश, बहुतेक पर्जन्यछायेत मोडतो. ढगांचे पाणी डोंगराच्या पश्चिमेकडे आणि माथ्यावर रिते झाल्यावर पूर्वेकडे जो कोरडा पट्टा उरतो, तो पर्जन्यछायेचा प्रदेश होय. शिवाय येथील खडक ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला काळा कातळ असून पाणी त्याच्या झिजलेल्या थरांत आणि भेगांतच मुरते, त्यामुळे पावसाळ्यानंतर नदीला झऱ्यांचा आधारही फार काळ पुरत नाही.

पाण्याचा जोर मात्र चार महिन्यांपुरता असला तरी थोडका नसतो. घोडेची उपनदी असलेल्या कुकडीच्या पात्रात, शिरूर आणि पारनेर तालुक्यांच्या सीमेवर निघोजजवळ, भोवऱ्यात सापडलेल्या दगडगोट्यांनी कातळ कोरून केलेले रांजणखळगे याची साक्ष देतात.

या तऱ्हेवाईक नद्यांशी माणसाने केलेल्या व्यवहाराचा सर्वांत जुना आणि सविस्तर पुरावा घोडेच्या काठी, शिरूर तालुक्यातीलच इनामगाव येथे मिळाला. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे केलेल्या उत्खननातून इ. स. पूर्व 1600 ते 700 या काळातील ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड या दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या, शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. पुराचे पाणी वळवून घेण्यासाठी या लोकांनी रुंद पाट खोदला होता आणि त्याला दगडमातीचा बांध घातला होता. वसाहतीच्या प्रमुखाचे मानले जाणारे अनेक खोल्यांचे घर धान्याच्या कोठाराला लागून होते. पाणी आणि धान्य यांचा साठा ज्याच्या हाती त्याच्या हाती सत्ता, असा निष्कर्ष यातून काढणे धाडसाचे ठरू नये. इ. स. पूर्व 1000 च्या सुमारास मात्र चित्र पालटले. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली आणि शिकारीवर व पशुपालनावर अधिक भिस्त ठेवावी लागली. ढवळीकरांनी या अवनतीचे कारण हवामान अधिक कोरडे होण्यात शोधले. वसाहत उठून जाण्यास हे एकच कारण पुरेसे होते की नाही याविषयी मतभेद संभवतात. परंतु नदीपाशी शिल्लक काहीच नसेल, तर पावसातील घट थेट माणसाच्या ताटापर्यंत पोहोचते, एवढे तरी इनामगावावरून मान्य करावे लागते.

मराठेशाहीत या नद्यांनी लढायांचे वेळापत्रक ठरविले. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघण्याच्या प्रथेला धार्मिक रूप असले तरी तिच्यामागे भूगोल होता, कारण तोपर्यंत पाणी ओसरून नद्यांना उतार पडलेले असत. ही सोय शत्रूलाही तितकीच उपलब्ध होती. 1751 च्या हिवाळ्यात निजाम सलाबतजंग आणि फ्रेंच सेनानी बुसी यांच्या फौजेने चंद्रग्रहणाच्या रात्री कुकडीकाठी मराठ्यांवर छापा घातला, नंतर रांजणगाव लुटले आणि तळेगाव ढमढेरे उद्ध्वस्त केले. पेशव्यांच्या राजधानीच्या इतक्या जवळ पावसाळ्यात असे धाडस कोणी केले नसते. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगाव भीमा येथील लढाईत, शिरूरहून रात्रभर चालून आलेली कॅप्टन स्टाँटनची ब्रिटिश तुकडी नदीकाठच्याच गावात वेढली गेली आणि पात्र ओलांडून आलेल्या पेशव्यांच्या सैन्याने पाण्याची वाट अडविल्यामुळे तिला अंधार पडेपर्यंत तहान सोसावी लागली.

हिमालयातून येणाऱ्या नदीशी मराठ्यांची निर्णायक गाठ पडली ती पानिपतच्या मोहिमेत. 1760 च्या पावसाळ्यात यमुना दुथडी भरून वाहत असल्याने मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊंना ती ओलांडता आली नाही, तर दसरा उलटल्यावर, 25 ऑक्टोबरला, अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ ती पार केली आणि मराठ्यांचा दक्षिणेकडील मार्ग तोडला. उतार कधी आणि कोठे मिळेल याविषयीचे दख्खनी अंदाज त्या नदीवर लागू पडत नव्हते, ही बाब पराभवाच्या कारणमीमांसेत जितकी मांडली जावी तितकी मांडली गेलेली नाही.

लढाया संपल्या, तरी जिरायत शेती, म्हणजे केवळ पावसावर पिकणारी शेती, तशीच राहिली. आणि ब्रिटिश अमलातील रोख साऱ्याने तिची अनिश्चितता कर्जात रूपांतरित केली. सावकारांविरुद्धच्या 1875 च्या दंग्यांची नांदी शिरूर तालुक्यातील करडे गावी 1874 च्या अखेरीस सावकारावर घातलेल्या बहिष्काराने झाली, आणि त्यानंतर लगेच 1876 ते 1878 चा दुष्काळ आला.

विसाव्या शतकात सह्याद्रीला जे कोठार निसर्गाने दिले नव्हते ते धरणांच्या रूपाने बांधण्यात आले. घोडेवर चिंचणी येथे 1960 च्या दशकात धरण उभे राहिले, पुढे डिंभे धरण झाले आणि भीमेवर खेड तालुक्यात चासकमान झाले, ज्याचा डावा कालवा शिरूर तालुक्यापर्यंत येतो. या पाण्यावर जिरायत रानांत ऊस आला. मात्र हिमनदी ऊन वाढले की आपोआप पाणी सोडते, तसे धरणाचे नसते. कालव्याला ठरावीक मुदतीसाठी सोडल्या जाणाऱ्या पाण्याला आवर्तन म्हणतात, आणि उन्हाळी आवर्तन केव्हा व किती दिवसांचे असावे याचा निर्णय कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत होतो.