सुंभ कुठे, खोड कुठे

इंग्रजीतल्या 'ओल्ड हॅबिट्स डाय हार्ड'चं मराठी करायची वेळ आली की अनेकांच्या लेखणीवर आधी येते ती 'सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही' ही म्हण. ती तिथे बसत नाही, आणि का बसत नाही हे तिच्या कुळकथेतच आहे. सुंभ म्हणजे मुळात काथ्याची दोरी. विदर्भातल्या आर्वीच्या कपाशीच्या मुलखात नारळ कुठला? तिथे दोर वळायचे ते अंबाडीच्या वाखाचे. पानं भाजीला जायची, काड्या पाण्यात कुजत घालायच्या, साल सुटली की वाख हाती यायचा. वाखाचा एकेक पेड एका दिशेने पिळायचा आणि मग दोन-तीन पेड उलट दिशेने एकमेकांवर वळायचे. पेड उलगडू पाहतो तेव्हा दोर आवळतो, दोर उलगडू पाहतो तेव्हा पेड आवळतो. पीळ दोराच्या अंगात मुरतो तो असा. काथ्या असो की वाख, घट्ट वळलेला दोर जागेवरच जळू दिला तर तंतू जिथल्या तिथे जळतात आणि राखेत वळसे ओळखू येतात. बोट लावलं की सगळं विस्कटतं. त्या दोराने आता वासरूही बांधता येणार नाही.

म्हणीचा सगळा अर्थ या जळण्यात आहे. बळ गेलं, ऐट राहिली, असं जिथे घडतं तिथेच ती शोभते. उदाहरणार्थ, आर्वी पूर्वी मध्य प्रांतात होती आणि मालगुजारी या जमीनदारीसारख्या व्यवस्थेखाली होती. तेव्हाच्या मध्य प्रदेशच्या 1950च्या कायद्याने 1951मध्ये मालगुजाऱ्या संपल्या. त्यानंतरही एखादा मालगुजार जुन्याच तोऱ्यात कुळांना दरडावत असेल, तर त्याच्यासाठी ही म्हण नेमकी आहे. त्याच प्रांतातल्या हिंदी भाषकांची 'रस्सी जल गई, पर बल नहीं गया' हीसुद्धा ताठ्याचीच म्हण आहे, सवयीची नाही. सवयीसाठी मराठीत 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' आहे. तिथे काहीच जळालेलं नसतं. माणूस धडधाकट असतो आणि खोड त्याच्या सोबतीने जगते.

वापराने म्हणींचे अर्थ सैलावतात, मग एवढा काटेकोरपणा कशाला, असं कोणी म्हणेल. बोलण्यात तो नसला तरी चालतं, कारण समोरचा प्रसंग उणीव भरून काढतो. लिखाणात वाचकापुढे फक्त शब्द असतात. रोज उशिरा येणाऱ्या कारकुनाला सुंभाची म्हण लावली, तर त्याचं काय जळालं, हा प्रश्न वाचकाला पडणारच. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: इंग्रजी वाक्यासाठी मग खोडीचीच म्हण नेहमी घ्यावी काय? नाही. खोड म्हणजे दुर्गुण, आणि ती मरेपर्यंत सुटत नाही असा त्या म्हणीचा निकाल आहे. इंग्रजी 'डाय हार्ड'मध्ये झुंजत मरणं आहे. 16 मे 1811 रोजी स्पेनमधल्या अल्बुएराच्या लढाईत ब्रिटिशांच्या 57व्या पलटणीला कर्नल इंग्लिस यांनी याच शब्दांत चेतवलं आणि पलटणीला पुढे तेच नाव पडलं. म्हणजे त्या वाक्यातली सवय चिवट आहे, पण अमर नाही, आणि वाईटच असली पाहिजे असंही नाही.

कापसाच्या व्यापाराचंच पाहा. मेट्रिक मापांचा कायदा 1956चा. शेतकऱ्याचा कापूस क्विंटलने मोजला जातो, पण सरकी काढलेल्या रुईचा भाव आजही सुमारे 356 किलोंच्या खंडीवर बोलला जातो. यात ना कुणाचा ताठा आहे, ना कुणाची खोड. अशा ठिकाणी म्हण शोधत न बसता 'जुनी सवय सहजी सुटत नाही' एवढंच लिहावं.