जाफना विद्यापीठ, सकाळी साडेअकरा

१३० दिवस आधी. ४ जून १९८७, दुपार.
बंगळूरहून पाच एएन-३२ विमानं निघाली, सोबतीला मिराज-२०००. जाफन्यावर पॅराशूटनं सुमारे २५ टन मदत उतरवली गेली. श्रीलंकेच्या नौदलानं मदतीच्या बोटी नुकत्याच परत पाठवल्या होत्या. श्रीलंकेच्या लष्कराच्या वेढ्यात अडकलेल्या तमिळांना अन्न पोचवणं मला आजही योग्यच वाटतं. मात्र परवानगी न घेता दुसऱ्याच्या आकाशात शिरल्यावर, खाली पुढे जे होईल त्याची जबाबदारीही अंगावर येते. तिचा विचार दिल्लीत कुणी केला होता, असं पुढच्या घटनांवरून दिसत नाही.

७५ दिवस आधी. २९ जुलै.
कोलंबोत पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी शांतता करारावर सह्या केल्या. ज्यांच्या हातात बंदुका होत्या, त्या लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेची सही त्यावर नव्हती. भारताची शांतिसेना त्यांची शस्त्रं ताब्यात घ्यायला गेली. जाफन्यात जवानांच्या गळ्यात हार पडले.

२८ दिवस आधी. १४ सप्टेंबरची रात्र.
शांतिसेनेचे मेजर जनरल हरकिरत सिंग यांनी पुढे पुस्तकात लिहिलं, की त्या रात्री भारताचे उच्चायुक्त दीक्षित यांचा फोन आला: लिट्टेचा नेता प्रभाकरन चर्चेला येईल तेव्हा त्याला पकडा किंवा गोळी घाला. त्यांनी नकार दिला. चर्चेला बोलावलेल्यावर सैनिक गोळी झाडत नाही. हे खरं असेल, तर त्या चार महिन्यांतला सर्वांत स्वच्छ निर्णय हाच.

७ दिवस आधी. ५ ऑक्टोबर.
पलालीच्या तळावर श्रीलंकेच्या ताब्यातले लिट्टेचे १७ जण. कोलंबोला न्यायचं ठरताच त्यांनी सायनाइड घेतलं, १२ मेले. मग लिट्टेनं सिंहली नागरिकांची कत्तल सुरू केली.

२ दिवस आधी. १० ऑक्टोबर.
जाफना लिट्टेकडून घेण्यासाठी शांतिसेनेचं ऑपरेशन पवन सुरू झालं. मध्यस्थ आता लढणारा पक्ष झाला.

१२ तास आधी. ११ ऑक्टोबरची रात्र.
लिट्टेचे नेते जाफना विद्यापीठात जमणार अशी खबर होती. पलालीत एमआय-८ हेलिकॉप्टरं सज्ज झाली. जाणार होत्या १० पॅरा कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फंट्री या बटालियनच्या तुकड्या. शीख लाइट इन्फंट्री रेजिमेंटमध्ये मजहबी आणि रामदासिया शीख भरती होतात, बहुतेक पंजाबच्या खेड्यांतले. त्याच वर्षी मे महिन्यापासून पंजाबात राष्ट्रपती राजवट होती. ज्यांच्या घरच्या मुलखात सरकारला शांतता राखता येत नव्हती, त्यांनाच परक्या बेटावर ती लादायला पाठवलं होतं.

मध्यरात्रीनंतर.
लिट्टेनं भारतीय वायरलेस ऐकला होता. विद्यापीठाच्या मैदानाभोवती मशीनगन लावून ते वाट पाहत होते. गोळ्यांनी हेलिकॉप्टरांची चाळण होत होती. १०३ कमांडो आणि शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जण उतरले, आणि पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. बटालियनचे उरलेले पलालीतच राहिले.

पहाट.
कमांडो नेत्यांच्या शोधात आसपासच्या घरांकडे गेले. मेजर बिरेंद्र सिंग आणि त्यांची प्लाटून मैदानावर अडकली. त्यांच्याशी संपर्क तुटला होता.

सकाळी साडेअकरा. १२ ऑक्टोबर.
तिघं उरले. गोळ्या संपल्या. तिघांनी संगिनी चढवून धाव घेतली, दोघं पडले. तिसरा, शिपाई गोरा सिंग, कैद झाला. तीसमधला तो एकटा वाचला. कमांडोंना पुढे रणगाड्यांनी सोडवलं, पण त्यांचेही सहा गेले होते.

९ दिवसांनंतर. २१ ऑक्टोबर, दिवाळी.
भारतीय जवान जाफना रुग्णालयात शिरले. दोन दिवसांत साठाहून अधिक रुग्ण, डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारी मारले गेले. आतून गोळीबार होत होता आणि हे लोक चकमकीत सापडले, असं लष्कराचं म्हणणं. वाचलेल्या कर्मचाऱ्यांच्या साक्षी वेगळं सांगतात: दुसऱ्या दिवशी सकाळी एक बालरोगतज्ज्ञ परिचारिकांना घेऊन हात वर करून बाहेर आले, आणि त्यांना गोळी घालण्यात आली.