अंतेवासी ते मदतनीस : शाळेतल्या दुसऱ्या माणसाचा इतिहास

आपल्या विहाराच्या मागच्या स्मरणिकेत आम्ही एक यादी छापली होती. विहाराच्या सभागृहात भरणारी बालवाडी आणि पुढे वस्तीत सुरू झालेली अंगणवाडी, या दोन्हींत ज्या ज्या बाईंनी मुलांना शिकविले त्यांची नावे वर्षांसह दिली होती. त्यासाठी दोन रात्री जागून जुनी हजेरीपुस्तके चाळली. स्मरणिका वाटून झाली आणि आठ दिवसांनी वस्तीतल्या एका आजीने आम्हाला रस्त्यात गाठले. म्हणाल्या, "का रे बाबा, समद्या बाया लिवल्या, आपली मावशी कुठं हाय त्यात?"

आम्ही गप्प. बावीस वर्षे ज्या बाईने आमच्या वस्तीची पोरे घराघरांतून गोळा करून शाळेत नेली, त्यांचे नाव आमच्या ध्यानातही आले नव्हते. शिकवते ती 'बाई' आणि खिचडी शिजवते ती 'मावशी', असा भेद आमच्याही डोक्यात बसलेला. समतेची भाषणे करणाऱ्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट लागली. म्हणून हा लेख.

शिकविणाऱ्याच्या हाताखाली राहून शिकणारा माणूस ही गोष्ट आपल्या मावळाला नवी नाही. कामशेतजवळच्या बेडसे लेण्यावर बंधू-भगिनी सहलीला जातात, फोटो काढतात आणि येतात. तिथे एका लहान स्तूपावर ब्राह्मी लिपीत लेख आहे. गोभूती नावाचे अरण्यात राहणारे, भिक्षेवर जगणारे भिक्षू होते, त्यांचा हा स्तूप त्यांच्या अंतेवासीने, आसाळमिताने करविला, असा त्याचा आशय. अंतेवासी म्हणजे आचार्याजवळ राहून शिकणारा. विचार करा, गुरूच्या नावाबरोबर हाताखालच्या माणसाचेही नाव त्या काळी दगडात कोरले गेले. आमच्या स्मरणिकेत ते कागदावरही आले नाही!

विनयपिटकात या नात्याचे नियमच दिलेले आहेत. अंतेवासीने आचार्याची सेवा करायची हे तर आहेच, पण आचार्यावरही तितकीच जबाबदारी टाकली आहे. त्याने शिकवायचे, पात्र-चीवर मिळते की नाही ते पाहायचे, शिष्य आजारी पडला तर त्याची शुश्रूषा करायची. आणि मुख्य म्हणजे ही मुदत जन्मभराची नव्हती. समर्थ भिक्षूला पाच वर्षे आश्रयाने राहावे लागे, आणि दहा वर्षे पूर्ण झालेला, लायक असलेला भिक्षू स्वतः दुसऱ्याला आश्रय देऊ शके. म्हणजे हाताखालचा माणूस एक दिवस वर येणार, हे तथागतांच्या संघात धरूनच चालले होते. ही पाच वर्षांची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे ती पुन्हा येणार आहे.

इंग्रजी अमलात शाळा सुरू झाल्या, पण मास्तर कमी. तेव्हा थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवायची पद्धत सर्वत्र चालली. मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेल या पाद्र्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ती वापरली आणि विलायतेत नेऊन तिचा डंका पिटला. आपल्याकडच्या गावठी शाळांत ती आधीपासून होतीच. पण अशा शाळांत आपली पोरे कुठे होती? ती शाळेत आली महात्मा जोतीराव फुल्यांमुळे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली हे सर्वांना ठाऊक आहे. पण महार-मांगांच्या वस्तीत फिरून पोरे शाळेत आणायचे काम लहुजी वस्ताद, राणबा महार अशा माणसांनी केले. १८५६ च्या पत्रात सावित्रीबाई फातिमेला होणाऱ्या त्रासाची आठवण काढतात. शाळा एकट्या मास्तराने चालत नाही, हे तेव्हाही खरे होते.

'अंगणवाडी' हा शब्द घडला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामातून. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. स्वतः अनुताई बालविधवा. रात्रशाळेत शिकून पुढे आलेल्या. पुढे १९५७ ला हे काम कोसबाडला गेले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशभर ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव सगळ्या देशाने घेतले. नाव घेतले, पण त्यातल्या बाईला नोकर मानले नाही. तिला पगार नाही, 'मानधन'. सुरुवातीला मॅट्रिक सेविकेला महिना १५० रुपये, बिगर मॅट्रिकला १००, आणि मदतनीसाला ३५. मानधन हा शब्द फार गोड आहे. त्यात मान किती आणि धन किती, ते ३५ रुपयांवरून कळते. २०१८ साली केंद्राने सेविकेचे मानधन ४,५०० आणि मदतनीसाचे २,२५० केले. राज्याचा वाटा वेगळा. म्हणजे अर्ध्याचा हिशोब कायम.

या अर्ध्या बाईचे काम काय, ते आमच्या मावळात येऊन बघावे. जुलैत पाऊस कोसळत असताना ती ओढ्यापलीकडची पोरे कडेवर घेऊन येते. झाडलोट करते, पाणी भरते, शिजवते, वाढते, शी-शू काढते. सेविका बाई वडगावला मीटिंगला गेल्या किंवा सर्वेक्षणाला निघाल्या की गाणी, गोष्टी, रंग, आकडे हे सगळे मावशीच घेतात. म्हणजे शिकवतातही. फक्त कागदावर शिकवत नाहीत.

आम्ही मिलमध्ये हेल्पर म्हणूनच लागलो होतो. चार-पाच वर्षांत मशीन हाताखाली आले, परीक्षा घेतली गेली, ऑपरेटर झालो. यात मालकाची मेहेरबानी नव्हती. युनियनने करारात वर जायचा रस्ता लिहून घेतला होता. असा रस्ता शिक्षणातही निघू शकतो, त्याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. शाळा नसलेल्या वाड्या-पाड्यांवर वस्तीशाळा निघाल्या, तिथे तुटपुंज्या मानधनावर निमशिक्षक नेमले. त्यांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, नोकरी करता करता डी.एड. केले, आणि २०१४ साली ते जिल्हा परिषदेच्या सेवेत शिक्षक झाले. 'निम' गळून पडले.

आमच्या मावशी सातवी शिकलेल्या. विहारातल्या अभ्यासिकेत मुलांना सोडायला येत आणि दाराशी बसून ऐकत. एका पोराने विचारले, "मावशी, तुम्ही का नाही बसत?" तिथून सुरुवात. १७ नंबरचा फॉर्म भरला, वस्तीतल्या कॉलेजच्या मुलींनी गणित शिकविले आणि वयाच्या चाळिशीत त्या दहावी झाल्या. पेढे घेऊन त्या एका कार्यालयात चौकशीला गेल्या, तर तिथले साहेब म्हणाले, "मावशी, आता या वयात कशाला?" पेढा मात्र खाल्ला.

पुढे २०२२ मध्ये केंद्राचे नवे नियम आले. सेविकांच्या रिकाम्या जागांपैकी निम्म्या जागा, ५ वर्षे अनुभव असलेल्या आणि इतर अटी पुऱ्या करणाऱ्या मदतनीसांतून भरायच्या. विनयातली ५ वर्षे आम्हाला तेव्हा आठवली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या निकालाने सेविका आणि मदतनीस दोघींनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे ठरविले. आनंद वाटला. पण २०२३ साली आपल्या राज्यात शिक्षणाची अट बारावीवर गेली. दहावीसाठी झगडलेल्या बाईला पुन्हा एक जिना! शिक्षण वाढावे याला आमचा विरोध नाही, बाबासाहेबांची माणसे आम्ही. पण अट घालणाऱ्याने शिकायची सोयही करावी. २०२० च्या शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकांना ६ महिन्यांचा आणि कमी शिकलेल्यांना वर्षाचा अभ्यासक्रम सांगितला आहे. काम करता करता करायचा. तोच मदतनीसांनाही मिळावा, आणि बावीस वर्षांचा अनुभव गुणांत धरावा, एवढेच आमचे म्हणणे. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ च्या राज्यव्यापी संपात मावशीही बसल्या होत्या.

आता त्यांनी बारावीचा फॉर्म भरला आहे. रविवारी वंदना झाली की सतरंजी गुंडाळून त्या तिथेच पुस्तक उघडतात.

या स्मरणिकेच्या यादीत त्यांचे नाव घातले. पण नावापुढच्या रकान्यात काय लिहायचे, मदतनीस की शिक्षिका, यावर समितीत तासभर वाद झाला. शेवटी आम्ही त्यांनाच विचारले. "निकाल लागू द्या, मंग लिवा," म्हणाल्या. रकाना मोकळा ठेवला आहे.