सरफोजी राजांची कुरवंजी

भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.चे पहिले सत्र सुरू झाले, की इंग्रजी पुस्तकांचा ढीग पाहून तुम्ही दबून जाल. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांची वाट पाहा. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली ते शिकले. १८२६ मध्ये बिशप हेबर भेटले, तेव्हा लाव्हाझिए, लिनियस ही नावे राजांच्या तोंडी सहज येत होती. पण ते वाचून थांबले नाहीत, आणि मला हेच मोलाचे वाटते. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी गेय नाटक त्यांनी रचले. कुरवंजी हा तमिळ प्रकार. त्यात भविष्य सांगणारी भटकी बाई असते. सरफोजींनी तिच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हेही नाटकातल्या मराठी पदांत आले.